केस गळणं, हार्मोन आणि वाढतं वय: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस गळायला लागले की आपल्याकडे माणूस आधी शेजारीपाजारी विचारतो, मग मेडिकलवाल्याला विचारतो, मग मोबाइलवरची जाहिरात बघून तेल मागवतो. डॉक्टरपर्यंत येईस्तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं. लातूर, बीड, परभणीकडच्या पेशंटशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. गळणाऱ्या केसांकडे फक्त केस म्हणून बघू नका, एवढी माझी पहिली विनंती आहे. ज्या हार्मोनच्या चढउतारानं केस गळतात, तेच हार्मोन हाडं, हृदय, पाळी, साखर आणि झोप सांभाळत असतात. म्हणून या पानावर डोक्यावरच्या केसांपासून गर्भपिशवीच्या ऑपरेशनपर्यंतचे प्रश्न आलेत. ते एकमेकांना जोडलेले आहेत.

हार्मोनचा आणि केसांचा संबंध नेमका काय?

गळ्यातली थायरॉइड, किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, बाईचे बीजकोष, पुरुषाचे वृषण या सगळ्या ग्रंथी रक्तात हार्मोन सोडतात. केसाचं मूळ हे त्या हार्मोनना लगेच प्रतिसाद देणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. प्रत्येक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, २-३ आठवड्यांत वाढ थांबवतो, पुढे ३ महिने नुसता बसून राहतो आणि मग गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात, त्यामुळे रोज ५० ते १०० गळणं हा रोजचाच हिशोब आहे.

हार्मोन बिघडले की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर वाढीतले पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात आणि २-३ महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात. किंवा मूळच हळूहळू बारीक होत जातं, गळती फारशी दिसतही नाही, पण भांग रुंद होतो, कपाळ वर सरकतं. पहिल्या प्रकारात कारण दूर झालं की केस परत येतात. दुसऱ्या प्रकारात आपण किती लवकर लक्ष घालतो यावर सगळं अवलंबून असतं.

वडिलांना टक्कल आहे. मलाही पडणार का? काही जण म्हणतात टक्कल आईकडून येतं.

दोन्हीकडून येतं. पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ते आईकडून मिळतं. मामाकडे बघा म्हणतात ते यामुळे. पण टकलात इतरही अनेक जनुकांचा वाटा असतो आणि ती आईवडील दोघांकडून येतात.

वृषणातून निघणाऱ्या टेस्टोस्टेरॉनपासून शरीर डीएचटी नावाचा आणखी जोरकस हार्मोन बनवतं. ज्यांच्या कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या मुळांना या डीएचटीचं वावडं असतं, त्यांची मुळं आकसत जातात. कोरडवाहू रानात दर हंगामाला पीक आखूड येत जावं, तसा दर फेरीचा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि तोकडा येतो, शेवटी नुसती लव उरते. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये हे नातं दाखवून दिलं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. म्हणजे हार्मोन आणि वारसा दोन्ही लागतात.

मग टक्कल असलेल्या माणसात पुरुषी हार्मोन जास्त असतो का?

नाही. बहुतेकांची रक्तातली पातळी इतरांसारखीच असते. फरक मुळांच्या संवेदनशीलतेत असतो. त्यामुळे टक्कल म्हणजे जास्त मर्दानगी हेही खरं नाही आणि वीर्यनाशानं केस जातात हेही खरं नाही. हस्तमैथुनामुळे केस गळतात या भीतीनं झोप उडालेली कॉलेजची पोरं येतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: याचा त्याच्याशी संबंध नाही.

एक मात्र तपासून घ्या. तिशीच्या आत झपाट्यानं टक्कल पडलेल्या पुरुषांत पोटाचा घेर, साखर आणि रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त आढळतं. त्यांनी वर्षातून एकदा साखर, चरबी आणि बीपी बघावं.

आमच्या गावात सगळे म्हणतात, बोअरच्या पाण्यानं केस गेले. खरं का?

मराठवाड्यातला हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असेल. काळ्या खडकातून खोलवरून उपसलेलं पाणी क्षारांनी जड असतं. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, गुंततात आणि मधूनच तुटतात. पण अशा पाण्यानं मूळ मरत नाही, टक्कल पडत नाही. तुटलेला केस आणि मुळापासून गळालेला केस यातला फरक घरीच बघता येतो. गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. शेवटचं पाणी शक्य असेल तर नळाचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या.

शेजारच्या बुलढाण्यात २०२५ च्या सुरुवातीला शेगाव भागातल्या काही गावांत लोकांचे केस ३-४ दिवसांत गेले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच आला होता. पुढे संशोधकांनी रक्तातल्या आणि रेशनच्या गव्हातल्या वाढलेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. तो हार्मोनचा प्रकार नव्हता. पण एकाच गावात अनेकांचे केस एकदम जात असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

आम्ही लातूरचे, घरात सोयाबीनच सोयाबीन. सोया खाऊन पुरुषांत बाईचे हार्मोन वाढतात आणि केस जातात का?

नाही. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन या बाईच्या हार्मोनशी थोडं साम्य असलेली वनस्पतीजन्य द्रव्यं आहेत, पण त्यांचा परिणाम फार सौम्य असतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तरी नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांचा टेस्टोस्टेरॉन कमी झालेला दिसत नाही. उलट आपल्याकडे प्रथिनांची कमतरता इतकी आहे की सोयाबीनच्या वड्या, भिजवून शिजवलेलं सोयाबीन, ज्वारीत दळलेलं थोडं सोयाबीन यांचं मी स्वागतच करते. अख्खा जिल्हा सोयाबीन पिकवतो आणि पोतं भरून बाजारात घालतो, घरातल्या ताटात मात्र ते येत नाही, याचं वाईट वाटतं. फक्त थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोयाचं जेवण यात काही तासांचं अंतर ठेवा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

बाळंतपणाला तीन महिने झाले आणि केस मूठमूठ गळताहेत.

घाबरू नका, हे पुष्कळ बायकांना होतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढलेलं असतं आणि जे केस एरवी गळायचे ते डोक्यावरच टिकून राहतात, म्हणून त्या काळात केस दाट दिसतात. बाळंतपणानंतर हार्मोन झपकन उतरतात आणि थांबलेले सगळे केस २ ते ४ महिन्यांनी एकदम गळतात. बाळाच्या वर्षाच्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. बाळ अंगावर पितंय म्हणून केस जातात ही समजूत चुकीची आहे, दूध तोडू नका.

दोन गोष्टी तेवढ्या तपासा. पहिली म्हणजे रक्त. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि बाळंतपणात ते आणखी जातं. दुसरी थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची थायरॉइड बिघडते आणि थकवा, चिडचिड, केसगळती हे सगळं बाळाच्या जागरणावर ढकललं जातं. सासूबाईंनी दिलेले डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर खा, अळिवात लोह चांगलं असतं. पण हिमोग्लोबिन ८ असेल तर ते नुसत्या लाडवांनी भरून निघणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील.

मुलगी १९ वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस आलेत आणि डोक्यावरचे विरळ होताहेत. लग्नानंतर होईल का नीट?

लग्न हा यावरचा उपाय नाही. ही लक्षणं एकत्र असतील तर पीसीओएसची शक्यता मोठी आहे. यात बीजकोष पुरुषी हार्मोन थोडे जास्त बनवतात. तोच हार्मोन चेहऱ्यावरची लव राठ करतो आणि डोक्यावरचा केस बारीक करतो. मुळाशी बऱ्याचदा साखर सांभाळणाऱ्या इन्शुलिनची गडबड असते. मानेमागे, काखेत मखमलीसारखी काळी त्वचा दिसते ती त्याचीच खूण. आया ती मळ समजून दगडानं घासतात आणि पोरीला बोलतात. कृपा करून घासू नका. तो मळ नाही.

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळ मुलींची पाळी रुळावर येते. म्हणजे ७० किलोच्या मुलीनं ४ ते ७ किलो. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांना वजन कमी कर म्हणून उपाशी ठेवू नका. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबत असेल तर डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे, कारण गर्भपिशवीचं अस्तर साठत राहणं पुढे धोक्याचं ठरू शकतं. उपचार म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक आहेत, असं कळल्यावर घरचे त्या फेकून देतात. त्या इथे पाळी नियमित करायला आणि पुरुषी हार्मोनचा जोर कमी करायला दिलेल्या असतात. त्यांनी पुढे मूल होणं बंद होत नाही.

आणि हो, या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. विशीत सापडलेला पीसीओएस म्हणजे पन्नाशीतला मधुमेह टाळायची मिळालेली संधी आहे.

थायरॉइडमुळे केस जातात का?

जातात. थायरॉइड मंदावली की केस कोरडे, राठ होतात, सगळ्या डोक्यावरून विरळ होतात आणि भुवईचा बाहेरचा टोकाकडचा भाग झडतो. सोबत थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, अंग जड, पाळीत जास्त जाणं. थायरॉइड जास्त चालली तरी केस गळतात. टीएसएच ही साधी रक्ततपासणी पुरते. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी ४ तासांनी. केस सुधारायला काही महिने जातात, तोवर गोळीचा उपयोग नाही म्हणून सोडू नका.

केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणाऱ्यांनी हे नीट वाचावं: बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी निदान २-३ दिवस ती बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. ज्यांच्या शरीरात बायोटिनची कमतरता नाही, त्यांच्या केसांना या गोळ्यांचा खास फायदाही दिसलेला नाही.

डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडली आहे.

ही चाई. शरीराची संरक्षण यंत्रणाच मुळांवर उलटते, हार्मोनचा थेट संबंध नाही. पण चाईच्या काही पेशंटमध्ये थायरॉइडही बिघडलेली सापडते, म्हणून ती तपासतात. चाईवर कांदा, लसूण किंवा बिब्बा घासू नका. बिब्ब्यानं त्वचा भाजते आणि कायमचा व्रण पडला की तिथे केस येत नाही.

डेंग्यू झाला, दोन महिन्यांनी केस गेले. टेन्शननंही जातात का?

हो, दोन्हीनं. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, कडक उपवास, घरातला मृत्यू यानंतर २-३ महिन्यांनी गळती सुरू होते. कारण आणि परिणाम यात एवढं अंतर असल्यानं माणसाला दुवा लागत नाही. शेतातलं पीक गेल्यावर, कर्ज थकल्यावर महिनोन्‌महिने झोप न लागणं याचाही केसांवर परिणाम होतो. पण अशा माणसाला मी केसांचं औषध देण्याआधी त्याची झोप आणि मन विचारते. तिथे मदत जास्त गरजेची असते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पाळी जायच्या वयात भांग रुंद दिसायला लागलाय. हे म्हातारपण समजायचं का?

भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं हार्मोन वरखाली होत राहतात: अंगातून वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड, धडधड, योनीमार्गात कोरडेपणा. इस्ट्रोजेन उतरलं की पुरुषी हार्मोनचा थोडाफार असर उरतो, म्हणून डोक्यावरचे केस बारीक होतात आणि हनुवटीवर एखाददुसरा राठ केस येतो. बायकांत कपाळ सहसा मागे जात नाही, मधला भाग विरळ होतो.

केसांपेक्षा मला काळजी हाडांची आणि हृदयाची. इस्ट्रोजेन हाडांतलं कॅल्शियम धरून ठेवतं. ते गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर ठिसूळ होतात. मग साठीत न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि चांगली हिंडतीफिरती बाई खाटेवर येते. हे टळू शकतं. रोज अंग कामाला लावणारा व्यायाम, ज्यात वजन उचललं जातं, तीळ, नाचणी, दूध-ताक, शेवग्याचा पाला, कोवळं ऊन, तंबाखू आणि मिश्री बंद. वाफांनी झोप आणि काम बिघडत असेल तर हार्मोनचे उपचार आहेत. २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर त्यांची जगभर भीती पसरली. पुढच्या विश्लेषणातून असं दिसलं की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलेल्या बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर मात्र हे उपचार चालत नाहीत.

पाळी गेल्यावर पुन्हा लाल गेलं, एक डाग जरी पडला, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.

वयाच्या तिशीत गर्भपिशवी काढली. तेव्हापासून केस गेले, अंग दुखतं, वाफा येतात. याचा संबंध आहे का?

बऱ्याचदा आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

पिशवी आणि बीजकोष हे वेगळे अवयव आहेत. पिशवीत पाळी येते, मूल वाढतं. हार्मोन तयार होतात ते बीजकोषांत. फक्त पिशवी काढली आणि बीजकोष ठेवले तर पाळी थांबते पण हार्मोन चालू राहतात, तरी अशा बायकांत बीजकोष नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकतात. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेल्यातच जमा. जे हार्मोन हळूहळू, दहा-पंधरा वर्षांनी उतरायचे ते एका दिवसात उतरतात. चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार आणि स्मरणशक्ती कमी होणं यांचा धोका वाढतो. केस विरळ होणं हे त्यातलं सगळ्यात कमी त्रासाचं.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तेव्हा तिशीतल्या होत्या. त्यामागचं कारण वैद्यकीय कमी आणि जगण्याचं जास्त आहे. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायको मिळून मजुरीची एक जोडी म्हणजे एक कोयता धरतात, एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते, कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, आणि पिशवी काढून टाकली जाते. अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. त्यासाठी पिशवी काढायची नसते. त्या पाहणीच्या वर्षापासून बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. बायांनो, ही परवानगी तुमच्या बाजूची आहे. घाई करणाऱ्याला तिच्याबद्दल विचारा.

ऑपरेशन झालेलं असेल तर आता काय? पहिलं, डिस्चार्जचा कागद शोधा. बीजकोष काढलेत की ठेवलेत ते त्यावर लिहिलेलं असतं. अनेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. बीजकोष काढलेले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर हार्मोन गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत त्या घेणं बहुतेकींच्या फायद्याचं असतं. हाडांची तपासणी, रक्तदाब, साखर, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे पन्नाशीची वाट न पाहता सुरू करा. तुमचं अंग दुखतं हे खरं आहे, ते मनाचे खेळ नाहीत.

अजून ऑपरेशन झालेलं नसेल आणि सुचवलं गेलं असेल, तर तीन प्रश्न विचारूनच या: औषधानं जमणार नाही का, बीजकोष ठेवणार का, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का. जास्त रक्तस्राव किंवा गाठी यांवरही आज गोळ्या आणि पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असे उपाय आहेत. कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उशीर नको.

पुरुषांचेही हार्मोन उतरतात का? ताकदीची इंजेक्शनं घ्यावीत का?

पुरुषांचा टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ टक्का या गतीनं हळू उतरतो. बायकांसारखा एकदम नाही. थकवा, इच्छा कमी होणं, पोट सुटणं यांचं कारण बऱ्याचदा वजन, दारू, अपुरी झोप किंवा मधुमेह निघतो. खरोखर तपासायचं असेल तर सकाळी १० च्या आत, दोन वेगळ्या दिवशी रक्त द्यावं लागतं.

जिममधल्या पोरांना कळकळीनं सांगते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली की वृषण स्वतःचं काम बंद करतात, आकसतात, शुक्राणू बनणं थांबतं. ते परत यायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. छातीवर गाठी येतात. आणि घराण्यात टक्कल असेल तर जे पस्तिशीत गेलं असतं ते पंचविशीत जातं.

गुडघ्यासाठी एक वैदू पुड्या देतो, दोन दिवसांत आराम पडतो. केस आणि चेहरा मात्र बदललाय.

पुडीनं दोन दिवसांत जादू होत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. चेहरा गोल होणं, त्वचा पातळ होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, केस बदलणं ही त्याची चिन्हं. अशा पुड्या मनानं एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. शरीराची स्वतःची अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेली असते. डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवत न्याव्या लागतात.

मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड खरंच काम करतात का?

करतात, धीर असेल तर. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण जुने केस ढकलून नवे येतात. तिथेच पुष्कळ लोक सोडून देतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं.

फिनास्टेराइड १ मिलीग्रॅम ही पुरुषांसाठीची गोळी डीएचटी सुमारे ७० टक्के कमी करते. थोड्या जणांत लैंगिक इच्छा कमी होणं किंवा मन उदास होणं असा त्रास होतो, तसं वाटलं तर लगेच सांगा. या गोळीमुळे प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा निम्मा दिसतो, म्हणून पन्नाशीनंतर तपासणी करताना डॉक्टरना सांगणं आवश्यक. गरोदर बाईनं ही गोळी घ्यायची तर नाहीच, फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. बायकांसाठी स्पायरोनोलॅक्टोनसारखी वेगळी औषधं आहेत, तीही गरोदरपणात चालत नाहीत.

तेलानं काही होत नाही का मग?

खोबरेल तेलानं केस कमी तुटतात, मऊ राहतात. करडईचं, तिळाचं लावायलाही हरकत नाही. पण कुठलंही तेल डीएचटी थांबवत नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल चोपडून ठेवू नका, कोंडा वाढतो.

ट्रान्सप्लांट?

डोक्याच्या मागच्या भागातल्या मुळांवर डीएचटीचा असर होत नाही, आणि ती पुढे लावली तरी हा गुण टिकतो. १९५९ मध्ये नॉर्मन ओरेंट्राइख यांनी हे मांडलं, त्यावर ही शस्त्रक्रिया उभी आहे. पंचविशीच्या आत घाई करू नका, पुढचं टक्कल कुठवर जाणार ते अजून ठरलेलं नसतं. आणि मुळं कोण लावणार, डॉक्टर की तंत्रज्ञ, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पांढरे केस हार्मोननं होतात का?

मुख्यतः वारशानं आणि वयानं. पंचविशीच्या आत पिकत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा.

खायचं काय?

महागडी पावडर नको. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीची भाकरी, वरण, मटकी-हुलग्याची उसळ, शेंगदाणा आणि जवसाची चटणी, ताक, चालत असेल तर दोन अंडी, एवढ्यात ती जवळपास भरतात. अडचण अशी की घरातली बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि ठेचा येतो. तिच्या केसांचं औषध तिच्या ताटात आधी वाढणं हे आहे. लोहाच्या जेवणाबरोबर लिंबू पिळा आणि चहा तासभर लांब ठेवा.

कुठे जायचं, आणि जाताना काय न्यायचं?

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय या चारही ठिकाणी त्वचारोग आणि स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे. सुरुवातीला हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच, साखर आणि बी-१२ एवढं बहुतेकांना पुरतं. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस असतील तर पुढच्या हार्मोनच्या तपासण्या आणि सोनोग्राफी. पन्नास तपासण्यांचं पॅकेज स्वतःहून करू नका.

जाताना दोन-तीन वर्षांपूर्वीचा, भांग दिसेल असा फोटो न्या. त्यावरून आम्हाला पुष्कळ कळतं. पाळीच्या तारखा, गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं, पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर तो कागद, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, तेल, पुडी पिशवीत घालून आणा. त्या दिवशी डोक्याला तेल लावून येऊ नका.